तांदळात ठेवलेला लॅपटॉप

कॉपी का नाही काढून ठेवलीस, असं भाग्यश्रीला सगळ्यांनी विचारलं. बाई खराडीच्या कंपनीत टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या आणि ज्याला त्याला बजावायचं, बॅकअप घ्या, बॅकअप घ्या. आणि स्वतःच्या घरात काय, तर धायरीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कपाटात साड्यांच्या खाली नवऱ्याचा जुना लॅपटॉप, आणि त्यात जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नसलेल्या चौदा फाइली. आता काय म्हणायचं या बाईला!

तेजस अकरा महिने आजारी होता. शेवटच्या तीन महिन्यांत तो दुपारचा बेडरूमचं दार लावून घ्यायचा आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचा. अवनी तेव्हा चार वर्षांची. तिच्या पाचव्या वाढदिवसापासून अठराव्यापर्यंत, दर वर्षाला एक. "त्या त्या वर्षीचं त्या त्या दिवशीच लावायचं," त्यानं भाग्यश्रीला सांगितलं होतं. "आधी ऐकलंस तर माझी शपथ आहे." कॉपी करायला बसले तर राहवणार नाही, एखादी उघडून बघेन, ही तिला भीती. म्हणून उद्या करू, परवा करू. अशी दोन वर्षं गेली.

पाचवी फाइल झाली, सहावी झाली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी अवनीला सात वर्षं पूर्ण झाली आणि सातवीची वेळ आली.

भाग्यश्रीची आई, मुक्ताई, दर वर्षी नातीच्या वाढदिवसाला भंडाऱ्याहून येते, आणि येताना घरच्या चिन्नोर तांदळाचा कट्टा घेऊन येते. पुण्यातल्या तांदळाला ती तांदूळ म्हणत नाही. ह्या खेपेलाही आल्या आल्या तिनं स्वयंपाकघरातला मोठा स्टीलचा डबा काठोकाठ भरला, उरलेला कट्टा बाल्कनीत उभा केला आणि मगच पाणी प्यायली.

दुपारी बारा वाजता औक्षणाची तयारी झाली. पाटावर अवनी, समोर टीपॉयवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपला चिकटून पियूषचा पेला. तेजस नोकरीसाठी पुण्यात आला तेव्हा त्याला या शहरातली एकच गोष्ट मनापासून आवडली होती, ती म्हणजे पियूष. म्हणून वाढदिवसाला त्याचा पेला त्याच्यासमोर ठेवायचा, भोवती पाणी फिरवायचं, मग घरातल्यांनी घ्यायचं. नैवेद्यच तो. रीत भाग्यश्रीनंच पाडलेली.

"लाईटच्या वस्तूपाशी पाणी काहून फिरवतं वो?" मुक्ताई म्हणाली.

"दोन थेंब आहेत गं आई."

अवनीचं तोंड अखंड चालू होतं. ही पोरगी म्हणजे रेडिओ. झोपेत गप्प असेल तेवढीच. "आई, बाबा मला दिसतोय तर मी बाबाला का दिसत नाही? आई, पियूषमधल्या चारोळ्या मी खाऊ? आजी, तुझ्या गावाला वाघ आहे ना?" भाग्यश्रीनं तिला दटावून गप्प केलं आणि फाइल लावली.

निळा शर्ट, खांदे उतरलेले, डोळे मात्र मिस्कील. "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग. अवनीबाई, सात झाली म्हणे तुम्हाला! आज एक गंमत आहे. आपल्या माळ्यावर माझ्या जुन्या हेल्मेटचं..."

भाग्यश्री ओवाळायला वाकली. पदर खांद्यावरून सुटला आणि पेल्याला घासत गेला.

घट्ट, पिवळं, केशर घातलेलं पियूष. ते सांडलं असंही वाटलं नाही, इतकं आरामात ते बटणांवर पसरलं आणि फटींमधून खाली उतरलं. तेजस उघड्या तोंडानं दोन क्षण तसाच थांबला. मग स्क्रीन काळा झाला.

तिनं लॅपटॉप उलटा केला, पदरानं पुसला, झटकला, पुन्हा पुसला. "चालू हो ना. अरे चालू हो ना रे!" ती नक्की कुणाशी बोलत होती कोण जाणे. हाताला वेलचीचा वास, बटणांत अडकलेल्या चारोळ्या, आणि पाटावर बसलेली अवनी, कपाळाला अर्धवट कुंकू.

मुक्ताई तेवढी शुद्धीवर होती. जावयाचा मोबाइल एकदा नाल्यात पडला होता तेव्हा तांदळात ठेवल्यावर सुरू झाला होता. तिनं डब्याचं झाकण उघडलं, दोन्ही हातांनी तांदूळ बाजूला सारला आणि लॅपटॉप उभाच्या उभा आत पुरला. वरून तांदूळ लोटून झाकण लावलं. टेस्टरबाईंना शुद्ध असती तर त्यांनी तिला थांबवलं असतं.

मंगळवारी भाग्यश्रीनं लॅपटॉप सिंहगड रोडवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. काउंटरवर पाटी होती : 'ओला लॅपटॉप तांदळात ठेवून आणू नये. हे किराणा दुकान नाही.' मालक सुदर्शन, पन्नाशीचा, कपाळावर भिंग बांधलेला. त्यानं मागचं झाकण काढलं आणि चिमट्यानं एकेक दाणा काढून कागदावर ठेवला.

"पियूष आणि तांदूळ. साखरभात करायचा होता का?"

भाग्यश्री रडायला लागली. तो वरमला. तासाभरानं त्यानं डिस्क काढून आपल्या मशीनला लावली.

"डिस्क ठणठणीत आहे, मॅडम. पण कोरी आहे."

"म्हणजे उडालं सगळं?"

"उडालं तर खुणा राहतात. हिच्यात कधी काही लिहिलंच नव्हतं असं दिसतंय. ठेवून जा. अजून एक-दोन प्रकारे बघतो. आशा लावू नका."

त्या दोन रात्री ती झोपली नाही. आपण आपल्या हातानं पोरीचा बाप दुसऱ्यांदा मारला, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात होतं.

गुरुवारी दुपारी अवनी शाळेतून आली. भाग्यश्री घरूनच काम करत होती, एका कानात मीटिंग चालू. मुक्ताईनं नातीला वरणभात वाढला. चौथा घास गिळल्यावर अवनीनं हात ताटात टेकवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली,

"...खोकं आहे ना, त्यात बघ. पण आईला चढायला सांग. तू नको चढूस, स्टूल डुगडुगतं."

मग तिनं मान डाव्या खांद्याकडे वळवून दोनदा कोरडं खोकलं, आणि पाचवा घास घेतला.

भाग्यश्रीनं कानातला हेडफोन काढला. तेजस तसा खोकायचा. मान वळवून, दोनदाच.

"काय म्हणालीस गं?"

"कुठे काय? आजी, लोणचं."

स्टूल डुगडुगत होतं हे खरं. माळ्यावर, गाद्यांच्या मागं, हेल्मेटचं खोकं होतं. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पितळी दांड्याचं भिंग आणि एक चिठ्ठी, तेजसच्या अक्षरात : 'सातव्या वाढदिवसासाठी. मुंग्या बघ. जाळू नकोस.'

त्या खोक्याला तो गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. धूळ बोटभर होती.

भाग्यश्री माळ्यावरच बसून राहिली. तिला आनंद झाला. तो कसला आनंद, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं, पण झाला.

शुक्रवारी दुपारी, चौथ्या-पाचव्या घासालाच : "हॅलो हॅलो. आठ! सायकल शिकलीस का? आईनं मागून धरलं असेल तर तिला म्हणावं, सोड..." आवाज अवनीचाच, बारीक. पण थांबायच्या जागा तेजसच्या, हसायच्या जागा तेजसच्या. तीन-चार मिनिटं बोलली. संपल्यावर तिला काही आठवत नव्हतं.

आता टेस्टर जागी झाली. शनिवारी तिनं दुकानातला कोलम शिजवला. काही नाही. रविवारी बाल्कनीतल्या कट्ट्यातला चिन्नोर. काही नाही. सोमवारी डब्यातला. नववी आली. मग स्वतः दोन वाट्या खाऊन बघितलं, आईला खाऊ घातलं. मुक्ताईला नुसती झोप आली. फोनवर रेकॉर्ड केलं, तर पंख्याची घरघर आणि चमच्याचा आवाज, मधे माणसाचा सूर नाही. तेव्हा तिनं शंभर पानी वही आणली. अवनीसमोर बसायचं आणि शब्द न् शब्द उतरवायचा. नववी, दहावी, अकरावी. अठरापर्यंत गाठायचं, एकही सोडायची नाही. बास, दुसरं काही तिला सुचेना.

आणि काय काय निघत होतं त्यातून! नववीत त्यानं कबूल केलं होतं की शाळेत इयत्ता चौथीला तो गणितात नापास झाला होता आणि हे बायकोलाही माहीत नाही. अकरावीत आईशी भांडण झालं तर कसं मिटवायचं, याच्या तीन युक्त्या. तेरावीत, "काही गोष्टी आईला विचार. ती लाजेल. तरी विचार." भाग्यश्री लिहिता लिहिता हसायची, वहीवर टपटप पाणी पडायचं. दोन वर्षांनी तिचं घर भरल्यासारखं झालं होतं.

शाळेतून वर्गशिक्षिका नम्रता मॅडमचा फोन आला. "अवनी बरी आहे ना? हजेरीलासुद्धा आवाज देत नाही. नुसता हात वर करते."

"घसा बसलाय हो तिचा," भाग्यश्री म्हणाली, आणि संध्याकाळी तिला मध-हळद दिली. अवनीनं ती मुकाट्यानं चाटली. मुकाट्यानं, ही पोरगी! पण भाग्यश्रीच्या वहीत तेव्हा चौदावी चालू होती.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली होती. सातवीला चार घास पुरले होते. बारावीला एक वाटी लागली, चौदावीला दोन. पंधरावीला अवनीचं पोट टम्म झालं तरी वाक्यं अडकत, तुटत येत होती, आणि भाग्यश्री घास कालवून भरवत होती. "अजून एक. एवढा एकच, माझी सोनी." पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नको म्हणाली नाही ती. म्हणायला पाहिजे होतं, नाही का?

सोळावीच्या दिवशी मुक्ताईनं ताट ओढून घेतलं.

"पोरगी बोलत नाई वो, भाग्या. चार दिस झाले. मले 'आजी' म्हणून हाक नाई मारली तिनं. मले भेव लागते."

"आई, तीनच उरल्यात."

"काय तीन? पोरीचा जीव घेतं का?"

"तिच्या बापाचं आहे ते! उद्या मोठी होऊन तिनं विचारलं, माझ्या बाबाचं काय केलंस, तर मी काय सांगू? पियूष सांडलं म्हणून सांगू?"

मुक्ताईनं नातीचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "रविवारी मी तिले गावाले घेऊन जातो."

"ने. शनिवारी संपतंय."

शनिवारी डब्याच्या तळाला अडीच वाट्या तांदूळ होता. भाग्यश्रीनं सगळा शिजवला. मुक्ताई देवासमोर जाऊन बसली, तिला बघवेना. अर्ध्या तासात अवनीनं तो भात संपवला, म्हणजे भाग्यश्रीनं तो तिच्या पोटात घातला.

"हॅलो," अवनी म्हणाली. एकच हॅलो. "अठरा. बघ, इतकी वर्षं मीच बोलत राहिलो. तुला एक शब्द बोलू दिला नाही. आता माझं संपलं. आता तू बोल, अवनी. बाबा ऐकतोय."

भाग्यश्रीनं शेवटचा काना ओढला, तारीख घातली, वही मिटली. हात दुखत होता. तिनं पोरीला जवळ ओढलं, तोंड पुसलं, पापे घेतले.

"झालं, सोन्या. संपलं सगळं. आता उद्यापासून तुला हवं ते. काय खाणार? सांग, काय करू?"

अवनीनं तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली.

काही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल ना."

पुन्हा ओठ हलले. भराभर, खूप काही सांगायचं असल्यासारखे. आत देवघरातली समई चरचरली ती ऐकू आली, खालचा भाजीवाला ऐकू आला. पोरीचा श्वासही ऐकू येत होता.

डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले, बॅटरी मारून आत बघितलं. सगळं छान आहे म्हणाले. धक्का बसला असेल, वेळ द्या. रविवारची भंडाऱ्याची गाडी मुक्ताईनं सोडून दिली. भाग्यश्री रात्रभर पोरीच्या छातीवर कान ठेवून पडली होती.

सोमवारी अकरा वाजता सुदर्शनचा फोन आला. "मॅडम, येऊन जा. लॅपटॉप आपोआप चालू झालाय, फाइली दिसतायत. मी काही केलेलं नाही, त्यामुळे कसं झालं ते विचारू नका."

ती अवनीला घेऊन रिक्षानं गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. लॅपटॉप काउंटरवर उघडा होता, बटणं अजून थोडी पिवळट.

"चौदा?" तिनं विचारलं.

"पंधरा," सुदर्शन म्हणाला. त्याच्या बोलण्यात आज तिरकसपणा नव्हता. "आणि यातला आवाज... तुम्हीच ऐका."

त्यानं अठरावी लावली. निळा शर्ट, उतरलेले खांदे. तेजसचे ओठ हलले.

"आता माझं संपलं. आता तू बोल, अवनी. बाबा ऐकतोय." बारीक, सात वर्षांच्या पोरीच्या आवाजात.

भाग्यश्रीनं अवनीला जवळ ओढलं.

"आणि ही ती जास्तीची फाइल," सुदर्शन म्हणाला. "हिच्यात चित्र नाही. आणि हिची लांबी वाढतेच आहे. सकाळपासून बघतोय, थांबत नाहीये."

त्यानं ती लावली. काळा स्क्रीन. रस्त्याचा आवाज आला, बस गेल्याचा, आणि एका स्कूटरचा लांबलचक हॉर्न. तोच हॉर्न त्याच वेळी दुकानाच्या दारातूनही आला.

अवनीनं आईचा हात ओढला. आईकडे बघून तोंड उघडलं.

"आई," लॅपटॉपमधून आवाज आला, "मी केव्हाची हाका मारतेय."

भाग्यश्री खाली बसली. गुडघ्यांवर. पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बोल बाळा. बोल ना."

अवनीचे ओठ हलले.

"बोलतच होते की," काउंटरवरून आवाज आला. "तू लिहीत होतीस."

सुदर्शनच्या कपाळाला घाम सुटला होता. त्याचा हात लॅपटॉपच्या झाकणाकडे गेला.

"आई, ते काका बंद करतायत!"

भाग्यश्रीनं उठून त्याचं मनगट पकडलं. "हात लावू नका! चार्जर लावा. चार्जर लावा त्याला!"

"घेत नाहीये तो," सुदर्शन हळूच म्हणाला. "पियूषनं तो भागच खाल्लाय. आत होती तेवढ्या बॅटरीवर चाललाय."

"मग बॅटरी बदला!"

"बदलायला बंद करावा लागेल. आणि डिस्क अजून कोरीच आहे, मॅडम. तीनदा बघितली. जे आहे ते हा चालू आहे तोवरच आहे."

तिनं कोपऱ्यातला आकडा बघितला. सहा टक्के.

अवनीला ते काही कळलं नव्हतं. आई ऐकतेय एवढं तिला कळलं आणि ती खूश झाली. काउंटरला टेकून, हातवारे करत, ती भरभर बोलायला लागली. "आई, शाळेत ना वल्लरीचा दात पडला आणि तिनं तो डब्यातच टाकला, आणि नम्रता मॅडम म्हणाल्या, आणि मग मी म्हटलं, पण कुणाला ऐकूच गेलं नाही, आणि आई, आजीच्या गावाला जायचं का आपण? आणि आई..."

"हो," भाग्यश्री म्हणत होती. "हो गं. मग? पुढे?" ती पोरीकडे बघून हसत होती, मान डोलवत होती, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून स्क्रीनकडे बघत होती.

"आणि आई, ऐक ना, सगळ्यांत मोठी गंमत तर मी अजून सांगितलीच नाहीये. आधी तू ओळख."

पाच टक्के.